दारापासून बॉनेटपर्यंत: जुन्या गाडीचे पत्रे जुळवायचे कसे

रंग उत्तम, क्रोम चकचकीत, इंजिन पहिल्याच सेल्फला सुरू, आणि तरी गाडी दहा पावलांवरून बघितली की काहीतरी खटकतं. बहुतेक वेळा खटकतात त्या फटी. दाराची मागची कड खाली लोंबलेली, मडगार्ड आणि दारामध्ये वरच्या बाजूला करंगळी जाते तर खाली पोस्टकार्डही जात नाही, बॉनेटचा एक कोपरा उचललेला. पुण्यात पद्मिनी, अँबेसेडर, हेरल्ड, जीप हौसेनं पुन्हा उभ्या करणारे पुष्कळ जण आहेत. त्यात नव्यानं उतरणारा माणूस जीव आणि पैसा ओततो तो रंगावर. गाडी नीट दिसणार की नाही हे मात्र त्याआधी, उघड्या पत्र्यावरच ठरून गेलेलं असतं. फट वाकडी दिसते तेव्हा दोषही बहुधा दुसरीकडेच असतो: झिजलेल्या बिजागरीत, कुजलेल्या सिलमध्ये (दाराखालून पुढे-मागे जाणारा बॉडीचा पोकळ पत्रा), चुकीच्या रबरात. तो शोधून काढायचा आणि मगच पाना हातात घ्यायचा.

इथे मी चार दारांची, वेगळी चासी नसलेली गाडी डोळ्यांसमोर ठेवली आहे, म्हणजे पद्मिनी किंवा अँबेसेडर. चासीवर बॉडी बसवलेल्या जीप आणि हेरल्डबद्दल जिथे वेगळं सांगायचं आहे तिथे सांगेन.

खोलण्याआधीची कामं

गाडी आली की पहिल्या आठवड्यात सगळं सुटं करून टाकायचा मोह होतो. तो आवरा. गाडी जशी आहे तशी, वाकडी-तिकडी का असेना, ती तुमची एकमेव मूळ नोंद आहे. प्रत्येक फटीच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा, वर, मध्ये आणि खाली अशी मापं घ्या, टेपवरच पेननं लिहा आणि मग फोटो काढा. फोटोत माप आणि जागा दोन्ही एकत्र येतात. सहा महिन्यांनी वहीतले आकडे कुठल्या दाराचे होते हे आठवत नाही, फोटो बघितला की लगेच कळतं.

बिजागरी काढण्यापूर्वी तिच्या पट्टीतून दाराच्या चौकटीच्या खांबात आरपार 3 मिमीचं एक भोक पाडून ठेवा. पुढे परत बसवताना त्यातून ड्रिलचा 3 मिमीचा बिट सरकवला की बिजागरी पहिल्या जागी येते. नवी जागा शोधायची असली तरी कुठून निघालो होतो हे माहीत असायला हवं. बिजागरीमागून पातळ पत्र्याच्या शिमा निघाल्या तर त्या कुठल्या बिजागरीच्या, किती होत्या हे लिहून वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा. त्या काळात दारं, मडगार्डं प्रत्येक गाडीला कारखान्यातच ठोकून-घासून बसवली जायची. त्यामुळे दुसऱ्या गाडीवरचं दार तुमच्या गाडीला जसंच्या तसं बसेल ही अपेक्षा धरू नका. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी किंवा बुधवारी एखादं चांगल्या पत्र्याचं दार हाती लागलं तर जरूर घ्या, पण मूळचं दार टाकून देऊ नका. त्याच्या कडा तुमच्या चौकटीसाठी घडवलेल्या आहेत.

कागदपत्रांचाही इथेच विचार करा. केंद्रीय मोटार वाहन नियमांत 2021 च्या जुलैमध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आली. गाडी 50 वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात जपलेली असावी लागते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेली गाडी त्यात बसत नाही. तेव्हा सांगाड्याला हात लावण्याआधीचे आणि नंतरचे फोटो तारखेसकट ठेवा.

जमीन सपाट आहे का?

हा प्रश्न नव्या माणसाला सुचत नाही. सोसायटीच्या पार्किंगची फरशी पाणी वाहून जावं म्हणून मुद्दाम उतार देऊन केलेली असते. डोळ्याला सपाट वाटते, पण गाडीच्या लांबी-रुंदीत दोन-तीन सेंटिमीटरचा फरक सहज निघतो. अशा जमिनीवर गाडी किंचित पिळलेली उभी राहते आणि त्या पिळलेल्या अवस्थेत तुम्ही दारं जुळवली, तर सरळ रस्त्यावर ती बिघडणार.

गवंडी वापरतात ती पारदर्शक पाण्याची नळी आणा. बोहरी आळीत कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळेल. नळीचं एक टोक डाव्या चाकाशी, दुसरं उजव्या चाकाशी धरून जमिनीची पातळी चारही चाकांपाशी खडूनं भिंतीवर किंवा काठीवर उतरवा. कमी पडेल तिथे चाकाखाली प्लायवूडचे तुकडे घाला. मग तीच नळी सिलच्या ठरावीक बिंदूंना डावी-उजवीकडे लावून पुन्हा बघा.

गाडी शक्यतो स्वतःच्या चाकांवर उभी असावी. चाकं काढलेली असतील तर घोड्या (उचललेली गाडी पेलणारे स्टँड) ॲक्सलखाली किंवा सस्पेन्शन जिथे बॉडीला धरतं तिथे लावा. सिलच्या मधोमध लावू नका. इंजिन-गिअरबॉक्स बाहेर असेल तर पुढच्या भागावर तेवढं वजन नाही हे ध्यानात ठेवा. शेवटचं जुळवणं इंजिन आत बसल्यावरच करायचं. घोड्यांवर गाडी चढवली की खाली जाण्याआधी हातानं जोरात हलवून बघा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही जाऊ नका.

सांगाडा आधी, दार नंतर

आता एक साधी परीक्षा. चारही दारं लावून घ्या, पुढच्या एका कोपऱ्याखाली जॅक लावा आणि चाक जमिनीवरून सुटेपर्यंत हळूहळू उचला. एका माणसानं दाराच्या वरच्या मागच्या कोपऱ्यातल्या फटीकडे बघत राहायचं. फट जवळपास तशीच राहिली तर सांगाड्यात जीव आहे. फट मिटत गेली, दार उघडताना अडायला लागलं, तर सिल, खांबांचे पाय किंवा फरशीचा पत्रा आतून गेलेला आहे. पुण्याचा पाऊस जून ते सप्टेंबर चालतो, आणि दाराच्या तळाशी असलेली पाणी जायची भोकं मातीनं बुजली की ते पाणी आतच साचतं, सिलपर्यंत पोचतं. वरून रंग धड दिसत असतानाही सिल आतून पापडासारखा झालेला असतो. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं ठोकत जा. चांगला पत्रा खणखणतो, गेलेला पत्रा बद्द वाजतो.

मग दाराच्या चौकटीचे कर्ण मोजा: वरच्या बिजागरीच्या बोल्टापासून समोरच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत, आणि खालच्या बिजागरीपासून समोरच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत. हीच मापं दुसऱ्या बाजूच्या दाराला घ्या. डाव्या-उजव्यात 2-3 मिमीचा फरक या काळातल्या गाड्यांत चालतो. 6-7 मिमी निघाला तर बॉडी बसलेली आहे किंवा कधीकाळी ठोकर खाल्लेली आहे, आणि ते बिजागरी सरकवून सुटणार नाही.

सिल बदलायचा ठरला तर कापण्यापूर्वी चौकटीला आतून आधार द्या. 25 मिमीची चौकोनी नळी पुढच्या खांबापासून मधल्या खांबापर्यंत, एक आडवी आणि एक तिरकी, वेल्डिंगचे छोटे टाके मारून बसवायची. ती अशी बसवा की दारं लागू-उघडू शकतील, कारण नवा सिल बसवताना दारं जागेवरच हवीत. सिल क्लॅम्पनं धरा, चार ठिकाणी टाका मारा, दार लावून फट बघा, पुन्हा चार टाके, पुन्हा दार. सगळं मनासारखं झाल्यावरच पूर्ण वेल्डिंग, तेही एकाच जागी सलग नाही. इथून दोन इंच, तिकडून दोन इंच, मध्ये पत्रा थंड होऊ द्यायचा. दारं काढून ठेवून सिल वेल्ड करणारा कारागीर कितीही हुशार असला तरी त्याच्या हाती ही गाडी देऊ नका. वेल्डिंगआधी बॅटरी सोडा आणि पेट्रोलची टाकी काढून दूर ठेवा. जुन्या गाड्यांच्या पोटाला लावलेलं डांबरी कोटिंगही पेट घेतं.

जीप किंवा हेरल्डसारख्या चासीच्या गाडीत या सगळ्याआधी बॉडी आणि चासीमधले रबर बघा. दाबून चपटे झालेले रबर हेच तिथे वाकड्या फटींचं नेहमीचं कारण असतं. नवे रबर घाला, बोल्ट समान आवळा, आणि नंतरच एखाद्या ठिकाणी 2-3 मिमीचं पॅकिंग घालून दाराच्या फटीवर काय परिणाम होतो ते बघा. एका वेळी एकच जागा बदलायची आणि दर वेळी मापं लिहायची.

बिजागऱ्या

दार अर्धं उघडा. मागच्या कडेला खालून दोन्ही हातांनी धरून वर उचला. दार हललं, बिजागरीत टकटक जाणवली, तर पिन आणि बुश (पिनेभोवतीची छोटी नळी) झिजलेत. अशा बिजागरीवर कितीही जुळवलं तरी आठवड्यात दार पुन्हा लोंबेल. बिजागरी काढून लेथवाल्याकडे न्या, भोक साफ करून थोड्या जाड पिना आणि नवे बुश करून घ्या. भोसरीत असे छोटे लेथवाले बरेच आहेत. शहरात टेल्कोच्या टूलरूममधून निवृत्त झालेली माणसंही पुष्कळ आहेत आणि मापाच्या बाबतीत त्यांचा हात आणि डोळा पक्का असतो. अशा एखाद्या काकांची ओळख निघाली तर ती जपा.

पिना घट्ट झाल्या की सरकवण्याचं गणित समजून घ्या. समजा दोन बिजागऱ्यांमधलं अंतर 30 सेंमी आणि दाराची लांबी 90 सेंमी आहे. मग बिजागरीपाशी 1 मिमीचा बदल केला तर दाराची मागची कड जवळपास 3 मिमी वर-खाली होते. म्हणून इथे शिमा कागदासारख्या पातळ लागतात आणि बोल्ट पूर्ण सैल करायचे नसतात. किंचित सैल, म्हणजे लाकडी ठोकळा धरून हातोडीनं हलकं टिचकावलं की बिजागरी केसभर सरकावी इतकंच.

दाराची मागची कड खाली असेल तर वरची बिजागरी पुढे, म्हणजे बॉनेटच्या दिशेनं, घ्यायची. ती आधीच टोकाला गेली असेल तर खालच्या बिजागरीमागे शिम घालून दाराचा तळ मागे ढकलायचा. दोन्हींचा परिणाम एकच, मागची कड वर येते. कड जास्त वर असेल तर याच्या उलट. संपूर्ण दार वर किंवा खाली हवं असेल तर दोन्ही बिजागऱ्या सारख्याच सरकवायच्या.

आत-बाहेरचं गणित थोडं फसवं आहे. वरची बिजागरी बाहेर काढली की दाराचा पुढचा वरचा कोपरा बाहेर येतो आणि त्याच वेळी मागचा खालचा कोपरा आत जातो, कारण दार खालची बिजागरी आणि कुलूप यांना जोडणाऱ्या तिरक्या रेषेवर कलतं. मागचा खालचा कोपरा बाहेर आलेला दिसला की लोक कुलपाशी झटापट करतात. इलाज असतो समोरच्या वरच्या बिजागरीत.

कुठले बोल्ट कुठल्या दिशेला सरकू देतात हे गाडीगणिक बदलतं. काहींत खांबाकडचे बोल्ट वर-खाली नेतात आणि दाराकडचे आत-बाहेर, काहींत उलटं. काही बिजागऱ्या थेट वेल्ड केलेल्या असतात, तिथे वाकवण्यावाचून मार्ग नाही आणि ते काम अनुभवी डेंटरच्याच हातचं. आणि डुक्कर फियाट, म्हणजे 1950 च्या दशकातली फियाट 1100 असेल, तर तिच्या पुढच्या दारांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला, मधल्या खांबावर असतात. तिथे वर सांगितलेलं पुढे-मागे आरशात बघितल्यासारखं उलटं वाचा.

मागून पुढे

क्रम ठरलेला आहे: मागचं दार, पुढचं दार, मडगार्ड, बॉनेट. मागच्या चाकावरचा मोठा पत्रा आणि छप्पर सांगाड्याला कायमचे जोडलेले असतात, ते हलणार नाहीत. म्हणून जे हलत नाही तिथून सुरुवात करून जे सगळ्यात जास्त हलतं त्याकडे जायचं. बॉनेटपासून सुरुवात केली तर साठलेली सगळी चूक मागच्या दारावर येऊन पडते, आणि तिथे सरकायला जागाच नसते. डिकी स्वतंत्र आहे, ती केव्हाही करा.

फटी मोजायला फीलर गेजपेक्षा सनमायकाचे तुकडे बरे पडतात. फर्निचरवाल्याकडे 1 मिमी जाडीचे उरलेले तुकडे पडलेलेच असतात. एकावर एक चिकटवून 3, 4, 5 आणि 6 मिमीच्या पट्ट्या बनवा, पेननं आकडा लिहा. बोल्ट आवळताना याच पट्ट्या फटीत अडकवून ठेवल्या की पत्रा जागचा हलत नाही.

मागचं दार टांगण्याआधी मधल्या खांबावरचा, पुढच्या दाराचा स्ट्रायकर (दार लावल्यावर कुलूप ज्यात अडकतं तो तुकडा) काढून टाका. मागच्या दाराचा स्ट्रायकर मागच्या पत्र्यावर असतो, तोही काढा. हे महत्त्वाचं आहे. स्ट्रायकर जागेवर असला की तो लोंबतं दार उचलून धरतो, फट झकास दिसते आणि बिजागरीचा दोष लपतो. दार नुसत्या बिजागऱ्यांवर, हातानं हळूच लावलं असताना नीट बसायला हवं. काच, काच वर-खाली करायची यंत्रणा आणि कुलूप दारात बसवूनच हे करा, कारण त्या वजनानं दार खाली येतं.

आता बघायचं काय? आधी तळ आणि सिल यांच्यातली फट, मग मागची उभी फट, मग वरची. त्यानंतर पातळी: दारावरून मागच्या पत्र्यावर तळहात फिरवा, डोळे मिटून. पातळ हातमोजा किंवा फडकं हाताखाली घेतलं तर बोटांना उंचवटा जास्त कळतो. शेवटी अंगरेषा. जुन्या गाड्यांच्या कुशीतून पुढून मागे एक उठावाची रेघ जाते. मडगार्डापासून मागच्या दिव्यापर्यंत ती एकाच ओळीत वाहायला हवी. तिच्यावरून पातळ दोरा ताणून धरला की कुठलं दार वर-खाली आहे ते लगेच दिसतं. फटी मापात असूनही रेघ तुटत असेल तर रेघेला प्राधान्य द्या, फट नंतर कडेवर दुरुस्त करता येते.

दार पिळलेलं असू शकतं: वरचा मागचा कोपरा बाहेर, खालचा आत. कुलपाच्या उंचीवर सगळं ठीक. असं दार सरळ करायची जुनी रीत आहे. जो कोपरा आत बसतो तिथे दार आणि चौकटीच्या मध्ये लाकडी ठोकळा धरायचा, आणि बाहेर आलेल्या कोपऱ्यावर तळहातानं दाब द्यायचा. दाब वाढवत न्यायचा, हिसका नाही. थोडं दाबा, ठोकळा काढा, लावून बघा. काच आधी पूर्ण खाली घ्या. खिडकीची चौकट दारापेक्षा लवकर वाकते, तेव्हा हात चौकटीवर न ठेवता दाराच्या अंगावर ठेवा.

मागचं दार झालं की पुढचं दार त्याला जुळवा, त्याच पद्धतीनं. एक नियम इथून पुढे सगळीकडे पाळा: मागच्या पत्र्याची पुढची कड पुढच्या पत्र्याच्या बाहेर कधीही येऊ देऊ नका. बरोबरीत असावी, किंवा कागदभर आत. बाहेर आली तर वाऱ्याचा आवाज होतो आणि नजरेलाही ती पहिली खुपते.

मडगार्ड बोल्टचं आहे की वेल्डचं ते बघून घ्या. बोल्टचं असेल तर सगळे बोल्ट हातानं लावा, दाराच्या बाजूला सनमायकाच्या पट्ट्या अडकवा, आणि दाराकडचे बोल्ट आधी आवळा. नाकाकडचे सगळ्यात शेवटी. दार पूर्ण उघडून बघा, मडगार्डाच्या मागच्या कडेला घासत नाही ना.

बॉनेट लावताना पहिल्या वेळी दोन माणसं हवीत. लॅच, म्हणजे बॉनेटची कडी, काढून ठेवा आणि बॉनेट हळूहळू खाली आणा. दुसऱ्यानं मागच्या दोन्ही कोपऱ्यांशी वाकून बघायचं. मागे सरकलेलं बॉनेट काचेखालच्या पत्र्यावर आदळून कड दुमडते. बिजागरीच्या लांबट भोकांत पुढे-मागे, बिजागरीखाली वायसर घालून मागची उंची, आणि पुढच्या रबरी गुट्ट्यांनी पुढची उंची. दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या झाल्या की मग लॅच लावा. लॅचनं बॉनेट नुसतं धरून ठेवायचं. ते बाजूला ओढलं जात असेल तर लॅच सरकवा. हेरल्डमध्ये अख्खा पुढचा भागच बॉनेट म्हणून पुढे उलटतो. तिथे सगळं जुळवणं पुढच्या बिजागरीवर चालतं आणि दाराशी येणारी फट सर्वात आधी बघायची. डिकीला याच रीतीनं, पण रबर बसवूनच.

रबर घालून पुन्हा सगळं

इथे बरेच जण कंटाळतात. उघड्या पत्र्यावर दार सुंदर बसलं, रंग झाला, आणि शेवटी नवं रबर लावल्यावर दार 4-5 मिमी बाहेर उभं राहिलं, ही पुण्यातल्या गॅरेजमध्ये नेहमी ऐकू येणारी तक्रार आहे. मूळ घडणीचं रबर आता सहसा मिळत नाही, नाना पेठेतून आणलेलं रबर जाड किंवा कडक निघू शकतं. म्हणून रंगाच्या आधी, जे रबर शेवटी लावणार तेच चौकटीवर लावा, स्ट्रायकर बसवा आणि दार बंद करून रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशीही बाहेर राहिलं तर रबर बदला. रबराच्या जाडीसाठी बिजागरी आत ढकलू नका.

रबर सगळीकडे टेकतंय का हे बघायला वर्तमानपत्राची पट्टी दारात धरून लावा आणि ओढा. सगळीकडे सारख्या जोरानं अडायला हवी. स्ट्रायकरवर खडू घासून दार लावलं की कुलूप नेमकं कुठे टेकतं त्याची खूण उमटते. दार बंद होताना वर उचललं जाऊ नये, खाली दाबलंही जाऊ नये.

कडा आणि पुटी

एवढं करूनही एखादी फट वर 4 आणि खाली 7 मिमी राहीलच. अशा वेळी हमखास ऐकू येतं: "साहेब, पुटीत काढून टाकू की गॅप." नम्रपणे पण ठाम नाही म्हणा. पुटी सपाट अंगावर, 2 मिमीपर्यंत, पत्र्याची लाट बुजवायला ठीक. कडेवर भरलेली पुटी दार आपटलं की टवका होऊन उडते. तिच्यासोबत रंगही जातो.

फट मोठी असेल तर कडेवर 2 मिमीची लोखंडी तार टाक्यांनी जोडायची, टाके एकमेकांपासून लांब, मध्ये थंड होऊ देत, आणि मग कानशीनं रेषेत आणायची. फट लहान असेल तर ग्राइंडर उचलण्यापूर्वी कड नीट बघा. दाराचा बाहेरचा पत्रा आतल्या पत्र्यावर दुमडलेला असतो. घासत गेलात तर दुमड कापली जाते आणि दोन पत्रे सुटे होतात. त्याऐवजी दुमडीखाली डॉली (पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा) धरून हातोडीनं कड अर्धा-एक मिमी आत बसवता येते. कामाला वेळ लागतो, पण कड मजबूत राहते.

जुना रंग काढताना सांध्यांवर मऊ, करडा, चकचकीत धातू दिसला तर ते कारखान्यात भरलेलं शिसं-कथिल असू शकतं. ते कोरडं घासू नका, त्याची धूळ विषारी आहे. ठीक बसलेलं असेल तर तसंच राहू द्या.

फट किती ठेवायची? या गाड्यांना 4 ते 6 मिमी शोभते. आजच्या गाड्यांसारख्या 3 मिमीच्या फटीमागे लागू नका. सांगाडा थोडा हलतोच, आणि घासलेल्या दारांचा रंग पहिल्याच खड्ड्यात जातो. सगळीकडे सारखी असणं जास्त महत्त्वाचं. शिवाय रंगाचे सगळे थर मिळून प्रत्येक कडेवर पाव मिलिमीटरच्या आसपास चढतात, समोरासमोरच्या दोन कडांवर मिळून अर्धा. तेवढी फट उघड्या पत्र्यावर जास्त ठेवा.

रंगाआधी आणि नंतर

पत्रा उघडा ठेवून पावसाळ्यात काम करू नका. जुलैतल्या एका दमट रात्रीत त्यावर तांबूस गंज धरतो. शक्य असेल तर जुळवणीचं काम ऑक्टोबर ते मे या काळात घ्या, आणि जो पत्रा पुरा झाला त्यावर लगेच इपॉक्सी प्रायमर मारा.

सगळं जुळल्यावर पुन्हा 3 मिमीची खूणभोकं पाडा, या वेळी नव्या जागेची, आणि शिमांच्या पिशव्यांवर नवे आकडे लिहा. मग पत्रे रंगायला सुटे करा. परत बसवताना कडांना दुहेरी मास्किंग टेप लावा, दोन माणसांनी दार धरा, आणि बिट भोकात सरकवून बोल्ट आवळा. नंतर भोकं बुजवा.

डेंटर आणि पेंटर वेगवेगळे असतील तर दोघांना एकदा गाडीपाशी एकत्र उभं करा आणि प्रत्येक फट दाखवून घ्या. पेंटरनं काम हाती घेण्यापूर्वी रबरासकट सगळी दारं लावून-उघडून बघावीत, आणि त्यानंतरच गाडी खोलावी. काम पुढे एकमेकांवर ढकललं जातं ते बहुतेक वेळा ही भेट न झाल्यामुळे.

गाडी रस्त्यावर आली की एक चाक स्पीडब्रेकरवर चढवून थांबा आणि चारही दारं उघडून बघा. सगळी सहज उघडली पाहिजेत. पहिल्या 500 किलोमीटरनंतर बिजागऱ्यांचे आणि मडगार्डाचे बोल्ट पुन्हा तपासा, नवे रबर आणि बुश तोवर बसलेले असतात आणि स्ट्रायकरला थोडा हात लावावा लागतो. शेवटी पाणी: गाडीच्या आत, दारांपाशी फरशीवर कोरडं वर्तमानपत्र पसरा, काचा बंद करून पाइपनं छपरापासून खालपर्यंत दहा मिनिटं पाणी सोडा. कागद ओला झाला तर कुठला कोपरा ओला आहे बघा आणि तिथलं रबर पुन्हा बसवा. दाराच्या तळच्या भोकांतून पाणी बाहेर येताना दिसलं पाहिजे. आलं नाही तर रंगानं ती बुजली आहेत, तारेनं मोकळी करून आत मेण किंवा गंजरोधक तेल मारा.